तेहतीस काडतुसं

परवा बायकोने अनारशांचे तांदूळ भिजत घातले आणि मी मुकाट्याने गॅरेजमध्ये जाऊन बसलो. अधिक महिना आलाय. दर तीन वर्षांनी येतो तसाच आलाय, पण पातेल्यावर झाकण ठेवताना तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात मागचं सगळं आलं. संसाराला चाळीसच्या वर वर्षं झाली की निम्मं बोलणं भांड्यांवरच भागतं.

आमच्याकडे अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात. ताटात अनारसे, वर रुमाल, बाजूला दिवा. जावई विष्णूच्या जागी. आमचे विष्णू ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीच्या गावचे, तांबूस दाढीचे आणि सहा फूट दोन इंच उंच. हायस्कुलात इतिहास शिकवतात. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात त्याने ताट हातात घेतलं, लेकीने शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला, आणि तेहतीस म्हणजे तेहतीसच का, असं बायकोला तीनदा विचारलं. तिला ते फार आवडलं. आपली मुलं असले प्रश्न विचारत नाहीत, ती नुसती खातात.

मला तो आवडायचा दुसऱ्या कारणाने. तो मला अडचणी सांगायचा. गाडीचा आवाज येतोय, बाबा. नळ गळतोय, बाबा. मी पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये हात काळे करून शिकलो आणि पुढे इथे ॲरिझोनात, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं सांभाळली. बिघडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये, असं माझी आई म्हणायची. मी तो नियम घड्याळापुरता ठेवला नाही. टोस्टर, पंखा, शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र, काहीही बंद दिसलं की मला अशुभ वाटतं. रिटायर झाल्यावर गॅरेजमध्ये एक छोटा लेथ घेतला. खंडेनवमीला बायको त्याला हळदकुंकू वाहते आणि उरलेलं वर्षभर त्याच्या आवाजाबद्दल कुरकुर करते.

तर सहा वर्षांपूर्वीच्या त्या अधिकानंतर दीडदोन वर्षांनी लेकीला बाळ झालं. त्यांचं नवं घर बांधून व्हायचं होतं, तोवर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होती. एके दिवशी जावई कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल घेऊन आला. त्याच्या आजोबांचं. मधोमध बिजागरीवर उघडणारं, एका वेळी एकच काडतूस घेणारं, लाकडी मूठ हातांनी घासून घासून काळी झालेली. आजोबा आणि वडील, दोघेही खाणीतले. घरात बाळ आहे, तिजोरी नाही, म्हणून घर होईपर्यंत ते माझ्या तिजोरीत ठेवता येईल का, असं त्याने विचारलं.

"आय नो इट्स सेफ विथ यू, बाबा," तो म्हणाला.

हे वाक्य मला आज लिहितानाही नको वाटतं.

त्या दिवशी जेवताना मी पिस्तुलाची चौकशी केली. तो म्हणाला की त्याचं काडतूस आता कुणी बनवत नाही. किती तरी वर्षांपूर्वीच बंद झालं. आजोबा दुसऱ्याच काडतुसांची पितळी टरफलं कापून, शिसं वितळवून स्वयंपाकघरात घरचीच काडतुसं करायचे. ते गेले, त्यांचा साचाही कुठे गेला कळत नाही. पुढेही तो काही तरी म्हणाला, पण मी ते ऐकलं नाही. कारण "कुणी बनवत नाही" इथेच माझं डोकं गॅरेजमध्ये पोचलं होतं. माणूस दुःख सांगतोय की तक्रार सांगतोय, यातला फरक मला कधी कळलाच नाही. कारखान्यात सगळ्या तक्रारीच असायच्या. कुणी दारात येऊन काही सांगितलं की पाना घेऊन उठायचं, एवढंच मला माहीत होतं.

नवं घर लांबत गेलं आणि पिस्तूल माझ्याकडे राहिलं. तिजोरी उघडली की दिसायचं. धडधाकट, नीट तेल दिलेलं, आणि बंद. घड्याळच जणू. तशात पुन्हा अधिक महिना जवळ आला, आणि मला ती कल्पना सुचली. जुनं काडतूस मिळत नाही ना? मग हे पिस्तूल आज कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या बारीक, साध्या काडतुसावर चालेल असं करायचं. नळी आतून कोरायची, तिच्यात बारीक भोकाची नवी नळी बसवायची, काडतुसावर टोचा मारणारी पिन थोडी सरकवायची. बाहेरून कुणाला कळणारही नाही.

दीड महिना मी त्यावर होतो. चँडलरचा उन्हाळा, म्हणून सकाळी सहाला पंखा लावून बसायचो ते आठपर्यंत. त्यानंतर गॅरेजमध्ये पापड भाजले असते. नवी नळी जुन्या नळीत सरकली तेव्हा दोन्हींच्या मध्ये हवा जायलाही जागा नव्हती. असं काम मी तीस वर्षांत पाचसहा वेळाच केलं असेल. त्या दीड महिन्यात मी जितका सुखात होतो तितका रिटायर झाल्यापासून कधीच नव्हतो. याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते. कोरताना जुन्या नळीतला लोखंडाचा चुरा खाली पडत होता, आणि मी शीळ घालत तो ब्रशने झाडून कचऱ्यात टाकत होतो.

बायको एकदा चहा घेऊन आली.

"त्याला विचारलंत का?"

"सरप्राइज आहे."

"सरप्राइज केकचं असतं. दुसऱ्याच्या आजोबांच्या वस्तूचं कसलं सरप्राइज?"

"तू तुझ्या अनारशांचं बघ," मी म्हणालो. तिचा पहिला घाणा त्या वर्षी कढईत हसला होता, म्हणजे पार विरघळून गेला होता. म्हणून मी मुद्दाम तिथेच बोट ठेवलं. ती कप ठेवून गेली. बायको चुकीचं बोलते तेव्हा मी ऐकून घेतो, बरोबर बोलते तेव्हा मला राग येतो.

अधिकातल्या एका रविवारी दोघं बाळाला घेऊन जेवायला आली. बायकोने अनारशांचं ताट दिलं. मग मी माझं दुसरं ताट आणलं, रुमाल घातलेलं. मला स्वतःचंच हसू आवरत नव्हतं. पन्नासच्या खोक्यातून मोजून तेहतीस काडतुसं काढली होती आणि ती ताटात गोल उभी केली होती, अनारसे मांडतात तशी. मधे पिस्तूल, मुठीवर कुंकवाचं बोट.

त्याने रुमाल उचलला आणि आधी तो हसला. कुंकू पाहून हसला असावा. मग त्याने ताटातलं एक काडतूस उचललं, चिमटीत धरून पाहिलं, आणि त्याचं हसू थांबलं. पिस्तूल बिजागरीवर उघडलं. खिडकीच्या उजेडात धरून नळीतून पाहिलं. खूप वेळ पाहत राहिला.

"यू डिड धिस युअरसेल्फ?"

"येस! आता कुठल्याही दुकानात ॲमो मिळेल. हवं तेवढं शूट कर."

"इट्स ब्यूटिफुल वर्क, बाबा," तो म्हणाला. मग अगदी हळू त्याने विचारलं की हे परत पहिल्यासारखं करता येईल का.

मी चक्क हसलो. "परत कशाला करायचं? पहिल्यासारखं म्हणजे बंदच ना?"

माझी लेक बाळाला भरवत होती. तिचा चमचा तसाच हवेत राहिला. "बाबा, डिड यू आस्क हिम? डिड यू इव्हन आस्क?"

तो म्हणाला, "इट्स ओके, हनी." पिस्तूल ताटात ठेवलं, ताट टेबलावर ठेवलं, आणि वाकून मला नमस्कार केला. तिने शिकवला होता तसाच, दोन्ही हातांनी. माझ्या पायाला त्याची बोटं लागली तेव्हा मला कळलं की काही तरी फार चुकलंय. काय ते अजून कळलेलं नव्हतं.

ते लेकीने सांगितलं, स्वयंपाकघरात, सिंकजवळ, माझ्याकडे पाठ करून. आजोबांनी केलेल्या काडतुसांपैकी नऊ अजून शिल्लक होती. जावयाच्या वडिलांकडे होती. दर नोव्हेंबरात आजोबांच्या वाढदिवसाला बाप-लेक खाणीच्या पलीकडच्या माळावर जायचे. तिथे एका झाडाला आजीचा बिडाचा तवा टांगलेला आहे. त्या तव्यावर एक, फक्त एकच गोळी झाडायची. मग डब्यातलं खायचं आणि घरी यायचं. वर्षातून एक. वडिलांच्या छातीत खाणीची धूळ बसलेली होती, श्वास पुरत नव्हता. गेल्या नोव्हेंबरात ते म्हणाले होते, नऊ आहेत, मला पुरतील.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" मी म्हणालो.

"ही टोल्ड यू, बाबा. त्या दिवशी जेवताना. यू वेअर नॉट लिसनिंग."

दुसऱ्या दिवशी मी पिस्तूल मागून घेतलं आणि शेजारच्या मेसा गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, नळी फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं की हे काम कुणाचं. मी म्हटलं, माझं. त्याने भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि नोकरी हवी आहे का, असं विचारलं. एरवी मी हे महिनाभर सगळ्या मित्रमंडळींना सांगत फिरलो असतो. मी म्हटलं, पूर्वीसारखं करायचंय. त्याने नकारार्थी मान हलवली. जुनी नळी कोरल्याने तिची भिंत पातळ झाली होती. तिला पुन्हा जुन्या मापाला नेलं तर त्या काडतुसाचा जोर ती सोसणार नाही. नवी नळी करता येईल, पण मग आजोबांची म्हणून फक्त मूठ राहील.

तरी मी जावयाला फोन करून नवी नळी करून देतो म्हणालो. तो म्हणाला, "नो, बाबा. इट्स फाइन. रिअली."

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आमच्यात माणूस चिडतो, दोन महिने बोलत नाही, मग कुणाच्या तरी मुंजीत समोरासमोर येतो आणि सगळं मिटतं. सभ्य माणसाशी भांडण मिटवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी सॉरीही म्हणालो नव्हतो. "मी दुरुस्त करून देतो" म्हणालो होतो. मला ती दोन्ही वाक्यं एकच वाटायची.

त्या नोव्हेंबरात त्याने मला माळावर बोलावलं. नसतं बोलावलं तरी चाललं असतं, पण त्याने बोलावलं. त्याचे वडील पिकअपमधून आले. नाकाला ऑक्सिजनची नळी, कान जवळजवळ गेलेले, हातात काठी. माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या हाताचे घट्टे पाहून मान डोलावली. तवा झाडाला होता. काळा, गोलाकार, जागोजाग खळगे पडलेला. एकेक खळगा एकेका वर्षाचा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. जावई म्हणाला की गोळी लागली की तो असा वाजतो की माळापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातं. डॅडना आता ऐकू येतं ते तेवढंच.

माझ्या खिशात तेहतीस काडतुसं होती. मी एक काढून दिलं.

वडिलांनी पिस्तूल उचललं, काठी मुलाकडे दिली, दम धरला आणि झाडलं. फुटाणा फुटावा एवढाच आवाज झाला. तव्यावर टिक्. गोळी बरोबर मध्यावर बसली होती, नळी सरळ होती, काम चोख होतं. पण म्हातारा तसाच उभा राहिला, मान जरा कलती करून. आम्हाला वाटलं दम लागलाय. मग तो मुलाकडे वळला.

"डिड आय हिट इट?"

"यू डिड, डॅड," जावई मोठ्याने त्यांच्या कानाशी म्हणाला. "डेड सेंटर."

वडिलांनी मान डोलावली. माझ्याकडे पाहून, "शूट्स स्ट्रेट," म्हणाले आणि पिस्तूल परत दिलं. मी खिशात हात घालून पुढे केला, आणखी बत्तीस आहेत, हवी तेवढी झाडा, असं म्हणायला. जावयाने नको म्हणून नुसती मान हलवली. मग आम्ही सँडविचेस खाल्ली. वाटेत मी बराच वेळ खिशातली काडतुसं चाचपत होतो.

पुढच्या नोव्हेंबरात बाप-लेक माळावर गेले नाहीत. डॅडना थंडी सोसत नाही, असं कारण कळलं. त्याच्या पुढच्या वर्षी कारणही कळलं नाही.

आणि जावई मला अडचणी सांगेनासा झाला. माझं खरं नुकसान हे. त्यांचं नवं घर झालं, गॅरेजचं दार पहिल्या दिवसापासून कर्रकर्र वाजतं. मला ते गाडीत बसल्या बसल्या कळतं कुठे घासतंय. मी म्हणतो, बघू का? तो म्हणतो, इट्स फाइन, बाबा. नळ गळतो, फाइन. त्याचे वडील दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले, आम्हाला ते लेकीकडून महिन्याने कळलं. तो येतो, जेवतो, बायकोच्या हातच्या आमटीचं कौतुक करतो. मला बाबा म्हणतो. पण आपली कुठलीही वस्तू माझ्या हातात ठेवत नाही. त्याने मनात धरून ठेवलंय असं मला वाटत नाही. त्याने फक्त एक गोष्ट शिकून घेतली आहे, आणि ती मीच शिकवली.

या फेब्रुवारीत त्याचे वडील गेले.

गेल्या रविवारी त्यांचं घर आवरायला आम्ही सगळे गेलो होतो. बायका आत कपाटं काढत होत्या. जावई अंगणात वडिलांच्या पिकअपमध्ये जाऊन बसला होता, स्टिअरिंगच्या जागी, पाय बाहेर सोडून. मला वाटलं एकटं राहू द्यावं. पण त्याने पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूच्या सीटकडे मान केली. मी जाऊन बसलो. गाडीत तंबाखूचा आणि औषधाचा वास होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "इट वोन्ट स्टार्ट."

तीन वर्षांत पहिल्यांदा. माझे हात मांडीवरून उठले, देवाशपथ. बॅटरी असणार, फार तर इंधनाचा पंप, दुपारपर्यंत चालू करून दिली असती. मी हात गुडघ्यांखाली दाबून धरले.

"डू यू वॉन्ट इट टु स्टार्ट?" मी विचारलं.

तो समोर पाहत राहिला. "नो," म्हणाला. "ही पार्क्ड इट हिअर."

मग त्याने पुढचा कप्पा उघडून खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. मी झाकण उघडलं. कापसात नऊ काडतुसं होती. मी ती याआधी कधी पाहिलीच नव्हती. पितळेवर हाताने कापल्याच्या रेघा, शिशावर साच्याची वाकडी शिवण. माझ्या टूलरूमच्या साहेबांनी एकसुद्धा पास केलं नसतं. एक तळव्यावर घेतलं. एवढ्याशा जिनसाला चांगलंच वजन होतं.

तीन नोव्हेंबर गेले होते. तीन वेळा तवा वाजला असता, आणि तीनही वेळा म्हाताऱ्याला कुणाला विचारावं लागलं नसतं.

"आय ॲम सॉरी," मी म्हणालो. दुरुस्तीबद्दल काही बोललो नाही. "आय शुड हॅव आस्क्ड यू."

मला वाटलं तो नेहमीचं म्हणेल, इट्स फाइन. मी त्याची तयारीही ठेवली होती.

"येस, बाबा," तो म्हणाला. "यू शुड हॅव."

आवाज चढलेला नव्हता, पण सभ्यपणाही नव्हता त्यात. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आतून लेकीने हाक मारली, कुठलं तरी कपाट भिंतीपासून हलत नव्हतं. तो उठला. मी हातातलं काडतूस परत कापसात ठेवलं, झाकण लावलं आणि डबी त्याला दिली. त्याच्या डॅडना नऊ पुरणार होती. नऊच्या नऊ उरली.